वडिलांच्या छातीत नेमके कोणते यंत्र?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका 48 वर्षांच्या असून पुण्यात नोकरी करतात. त्यांचे वडील अण्णा, वय 76, आईसोबत फलटण तालुक्यातील गावी राहतात, स्वतः शेती पाहतात आणि गेली अनेक वर्षे आषाढीच्या वारीत दिंडीबरोबर पखवाज वाजवत चालतात. गेल्या चार महिन्यांत अण्णा दोनदा शुद्ध हरपून पडले. दुसऱ्या वेळी तर विहिरीच्या काठाशी, मोटारीच्या पेटीजवळ. ईसीजीत ठोके मिनिटाला 36 आणि ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ असे निदान झाले. टूडी एकोमध्ये हृदयाचे आकुंचन, म्हणजे ईएफ, 58 टक्के आहे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी डबल चेंबर, म्हणजे वरच्या आणि खालच्या अशा दोन कप्प्यांत तारा असलेला पेसमेकर तातडीने बसवायला सांगितले. पुण्यात दुसरे मत घेतले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ‘बसवायचेच आहे, तर शॉक देणारे यंत्र बसवा’ असे सुचवले. अमेरिकेतील भावाचे म्हणणे, ‘पैशांचा विचार करू नकोस, सर्वांत भारी असेल तेच बसव.’ अण्णा मात्र काहीच नको म्हणून सही करून घरी निघून आले. ‘छातीत मशीन बसवले की जीव सुखाने जात नाही, आणि शेत, वारी सगळे सुटते,’ असे ते म्हणतात. पत्रलेखिका विचारतात, ‘भावाचे ऐकू की वडिलांचे? आणि मी चुकीचे यंत्र निवडले तर?’

ताई,

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी मी तुम्हाला कळवले होते, की या सदरातील उत्तराची वाट पाहू नका आणि अण्णांना मॉनिटरची सोय असलेल्या रुग्णालयात दाखल करा. तुमच्यासारख्या इतर घरांसाठी ते इथे पुन्हा लिहितो: पूर्ण हार्ट ब्लॉक आहे आणि रुग्ण बेशुद्ध पडला आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की घरी बसून विचार करण्याइतका वेळ हातात नसतो. तुमच्या दुसऱ्या पत्रावरून कळले, की अण्णा आता साताऱ्यात दाखल आहेत, त्यांच्या गळ्याच्या शिरेतून तात्पुरती तार घातली आहे, आणि कायमस्वरूपी काय बसवायचे हे येत्या दोन-तीन दिवसांत ठरवायचे आहे. तात्पुरत्या तारेने तुम्हाला शांतपणे बोलायला हा एवढा अवधी मिळवून दिला आहे. तो यंत्रांच्या किमती ताडून पाहण्यात न घालवता अण्णांशी बोलण्यात घालवावा, असे मला मनापासून वाटते.

आधी आजाराविषयी लिहितो, कारण ‘ब्लॉक’ या शब्दाने फार गोंधळ होतो. आपल्याकडे ब्लॉक म्हटले की रक्तवाहिनीत साचलेली चरबी, अँजिओग्राफी आणि स्टेंट हेच डोळ्यांसमोर येते. अण्णांना झाले आहे ते वेगळे आहे. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, सायनस नोड नावाच्या पेशींच्या पुंजक्यात, मिनिटाला साधारण 60 ते 100 वेळा विद्युत संदेश उमटतो आणि तो मधल्या एव्ही नोड नावाच्या जोडणीतून खालच्या कप्प्यांकडे उतरतो. अण्णांना हे समजावताना कालव्याचे उदाहरण द्या. नीरा उजव्या कालव्याला पाणी वेळेवर सुटले आहे, पण फाट्याच्या तोंडाशी गाळ साचल्याने ते खालच्या चारीत उतरतच नाही, आणि खालच्या रानाला स्वतःच्या विहिरीच्या तुटपुंज्या पाण्यावर भागवावे लागते. ती विहीर म्हणजे खालच्या कप्प्यांची स्वतःची, मिनिटाला 30 ते 40 ठोक्यांची संथ गती. ती विहीरही मध्येच आटली, म्हणजे ती गती काही सेकंदांसाठी थांबली, की मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता उभ्याचा कोसळतो. पेसमेकर हा गाळ काढत नाही. तो खालच्या चारीत थेट पाणी सोडतो. म्हणूनच शेजारच्या कुणी ‘मग अँजिओप्लास्टी का करत नाहीत’ असे विचारले, तर त्याचे उत्तर असे, की इथे बिघाड नळात नसून वायरिंगमध्ये आहे.

या वयात बहुतेक वेळा त्याचे कारण एवढेच असते, की विद्युत संदेश वाहून नेणारे तंतू वर्षानुवर्षांच्या वापराने जीर्ण होऊन त्यांच्या जागी निर्जीव तंतुमय ऊती तयार होते. तरीही कायमचे यंत्र बसवण्यापूर्वी एक तपासणी मनापासून व्हायला हवी. अण्णा रक्तदाबाची गोळी घेतात असे तुम्ही लिहिले आहे, तिचे नाव मात्र लिहिलेले नाही. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि डिगॉक्सिन ही औषधे ठोके मंदावतात, आणि मूत्रपिंडाचे काम कमी झालेल्या वृद्धात पोटॅशियम वाढले की त्यांचा परिणाम कितीतरी जास्त होतो. थायरॉइड मंदावणे, हृदयाच्या खालच्या भिंतीला नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, यांनीही ब्लॉक होऊ शकतो. गावाकडे एक प्रश्न मी कायम विचारत आलो: कुणी झाडपाल्याचे औषध देत आहे का? कण्हेर आणि बिट्टी या झाडांत हृदयाची गती रोखणारी विषारी द्रव्ये असतात. औषधांची पिशवी जशीच्या तशी डॉक्टरांसमोर उघडा. गोळी बंद करून ठोके सुधारले, तर तो आनंदच आहे. मात्र अशा पुष्कळ रुग्णांत ब्लॉक काही काळाने परत येतो, हेही ध्यानात ठेवा. यांपैकी काही आढळले नाही, तर पूर्ण ब्लॉकवर गोळी, पथ्य किंवा प्राणायाम असा दुसरा मार्ग उरत नाही. पेसमेकर नव्हते त्या काळात ब्लॉकमुळे असे बेशुद्ध पडणाऱ्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे वर्षभरात दगावत असत.

आता अण्णांच्या नकाराकडे वळतो. तुम्ही तो हट्ट समजत आहात, असे पत्रावरून जाणवले. मला तो हट्ट वाटत नाही. अण्णांनी नकार दिला आहे तो त्यांच्या कल्पनेतल्या यंत्राला. त्या यंत्राने माणूस अंथरुणाला खिळून, शुद्ध नसताना, केवळ छाती धडधडत ठेवून वर्षानुवर्षे जगतो. असे यंत्र कुणी मला देऊ केले, तर मीही नको म्हणेन. पण पेसमेकर तसे काही करत नाही, आणि ही गोष्ट त्यांना आजवर कुणी शांतपणे सांगितलेली नाही. पेसमेकर हृदयाला अगदी सूक्ष्म विजेचा इशारा देतो. त्या इशाऱ्याला प्रतिसाद देण्याचे काम हृदयाच्या स्नायूलाच करावे लागते. कर्करोगाने, संसर्गाने, पक्षाघाताने किंवा केवळ वार्धक्याने शरीर थकून गेले, प्राणवायू कमी पडू लागला, की स्नायू इशाऱ्याला उत्तर देणे थांबवतो आणि मृत्यू त्याच्या वाटेने येतो. यंत्र त्याला अडवू शकत नाही.

जगातला पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन या 43 वर्षांच्या गृहस्थांना बसवला गेला. त्यांना दिवसाला वीस-तीस वेळा बेशुद्धीचे झटके येत होते, आणि त्यांच्या पत्नीने शल्यचिकित्सक ओके सेनिंग व अभियंता रुने एल्मक्विस्ट यांची पाठ सोडली नाही म्हणूनच तो प्रयोग झाला. ते पहिले यंत्र काही तासच चालले. पुढच्या आयुष्यात लार्सन यांची 26 यंत्रे झाली. ते शस्त्रक्रिया करणाऱ्या सेनिंग यांच्याहून आणि यंत्र बनवणाऱ्या एल्मक्विस्ट यांच्याहूनही अधिक जगले, आणि 2001 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, त्वचेच्या कर्करोगाने वारले. हृदयाशी संबंध नसलेल्या आजाराने, पेसमेकर छातीत असताना. अण्णांना ही हकीकत सांगा. त्यांच्या भीतीला यापेक्षा सरळ उत्तर माझ्याजवळ नाही.

त्यांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट दडलेली असू शकते, ती म्हणजे शेवटच्या दिवसांत आपल्या इच्छेविरुद्ध अतिदक्षता विभागात नळ्यांना जखडून ठेवतील ही धास्ती. ती खरी आहे आणि तिचे उत्तर पेसमेकर नाकारणे हे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये, बरे होण्याची आशा संपलेली असताना कृत्रिम उपचार नकोत असे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला, आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे ते साक्षांकित करता येते. अण्णांना असे काही लिहून ठेवायचे असेल, तर तुम्ही त्यांना मदत करा. पेसमेकर घेणे आणि असे इच्छापत्र लिहिणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. ‘तुमचे शेवटचे दिवस तुमच्या मनासारखे जातील’ हा शब्द मुलीकडून मिळाला, की पुष्कळ वडीलधारी माणसे आजचा उपचार सहज स्वीकारतात, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

तुम्ही विचारता, भावाचे ऐकू की वडिलांचे. हा प्रश्नच थोडा बाजूला सरकवायला हवा. अण्णा शुद्धीवर आहेत, शेतीचे हिशेब स्वतः ठेवतात, तात्पुरत्या तारेमुळे त्यांच्या मेंदूला आता पुरेसे रक्त मिळते आहे. संमती त्यांची आहे. तुमच्याकडे आणि तुमच्या भावाकडे काम आहे ते त्यांना खरी माहिती मिळवून देण्याचे. खोलीत डॉक्टर, अण्णा आणि आई असतील आणि तुम्ही एका बाजूला बसाल, अशी एक भेट मागून घ्या. डॉक्टरांनी अण्णांकडे पाहून बोलावे, तुमच्याकडे पाहून नव्हे, अशी विनंती आधीच करून ठेवा. आईलाही विचारा, कारण दोन्ही वेळा अण्णांना पडलेले त्यांनी पाहिले आहे आणि रात्री श्वास चालू आहे ना म्हणून उठून बघणारी व्यक्ती बहुधा तीच असेल.

आता शॉक देणाऱ्या यंत्राविषयी, म्हणजे आयसीडीविषयी. तुमच्या भावाचा आग्रह प्रेमातून आला आहे, दूर असल्याची टोचणीही त्यात असावी, आणि त्याबद्दल त्याला कुणी दोष देऊ नये. पण या आग्रहामागे एक गृहीत आहे: पेसमेकर हे साधे मॉडेल, आयसीडी हे त्याचेच वरचे मॉडेल. तसे नाही. ही दोन वेगळ्या आजारांची दोन यंत्रे आहेत. पेसमेकर मंदावलेल्या हृदयासाठी असतो. आयसीडी अशा हृदयासाठी असतो, ज्याचे खालचे कप्पे अचानक मिनिटाला दोनशे-अडीचशेच्या वेगाने धावू लागतात किंवा नुसतेच थरथरत राहतात, आणि काही मिनिटांत माणूस जातो. हे यंत्र ज्यांनी घडवले, त्या मिशेल मिरोव्स्की यांचे गुरुतुल्य वरिष्ठ हॅरी हेलर 1966 मध्ये अशाच जलद लयीच्या झटक्यांनी गेले. रुग्णाला कायम रुग्णालयात ठेवता येत नाही, मग शॉक देणारे यंत्रच त्याच्या शरीरात का नसावे, या विचाराने मिरोव्स्की झपाटले गेले. पुष्कळांनी वेड्यात काढूनही ते थांबले नाहीत, आणि 4 फेब्रुवारी 1980 रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिले यंत्र माणसाला बसवले गेले. त्या यंत्राने असंख्य घरे सावरली आहेत. पण ज्या हृदयाला तो धोकाच नाही, त्याच्यात ते बसवून मिळवायचे काय?

आयसीडी मंद ठोक्यांनाही आधार देते, त्यामुळे ‘एकात दोन’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. त्याची किंमत मात्र केवळ पैशांत मोजायची नसते. यंत्र आकाराने आणि वजनाने पेसमेकरच्या दुप्पट-तिप्पट असते, तार जाड असते, आणि बॅटरी सहसा लवकर संपते, म्हणजे यंत्र बदलण्याची शस्त्रक्रिया लवकर येते आणि दर वेळी जंतुसंसर्गाचा धोका नव्याने पत्करावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्राची कधी कधी गफलत होते. वरच्या कप्प्यांची साधी जलद लय किंवा तारेतला बिघाड यांनाही ते जीवघेणी लय समजते आणि पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाला शॉक देते. छातीवर घोड्याने लाथ मारावी तसे वाटते, असे रुग्ण सांगतात. असे शॉक बसलेली माणसे पुढच्या शॉकच्या भीतीने घराबाहेर पडायला धजावत नाहीत. जिथे धोका खरा आहे, तिथे हे सारे सोसण्यासारखे आहे. अण्णांच्या बाबतीत, तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून, मला त्याचे कारण दिसत नाही: ईएफ 58 टक्के, म्हणजे चांगला आहे, आधी हृदयविकाराचा झटका आलेला नाही, आणि बेशुद्धीचे कारण ईसीजीत स्पष्ट दिसते आहे.

तरीही माझ्यासमोर पूर्ण कागदपत्रे नाहीत, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांना आदराने, पण स्पष्टपणे विचारा: ‘अण्णांच्या कोणत्या तपासणीत खालच्या कप्प्यांची धोकादायक जलद लय दिसली? दिसली नसेल, तर तिचा धोका आपण कशावरून धरता?’ उत्तरात मॉनिटरवर टिपलेली अशी लय, एमआरआयवर हृदयाच्या स्नायूत दिसलेला व्रण, सार्कॉइडोसिससारखा (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी करणारा) आजार किंवा घराण्यात तरुणपणी झालेले आकस्मिक मृत्यू असे काही आले, तर माझे मत बाजूला ठेवा आणि त्यांचे ऐका. ‘सुरक्षित राहील’, ‘चांगले असते’ एवढेच उत्तर आले, तर साताऱ्याच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो.

इथे इतर वाचकांसाठी उलट बाजूही लिहिणे भाग आहे, नाहीतर हे उत्तर वाचून कुणी आवश्यक असलेले आयसीडी नाकारेल. ज्यांना एकदा हृदय थांबून पुन्हा जीवदान मिळाले आहे आणि त्याचे कारण तात्पुरते नव्हते; ज्यांचा ईएफ, हृदयविकाराच्या झटक्यानंतर किमान 40 दिवस उलटून आणि योग्य औषधे किमान 3 महिने घेऊनही, 35 टक्के किंवा त्याखाली आहे; किंवा ज्यांना स्नायू जाड होण्याचा किंवा विद्युत रचनेचा आनुवंशिक आजार असून तज्ज्ञांनी धोका मोठा ठरवला आहे, त्यांनी ‘मला तर काहीच त्रास होत नाही’ म्हणून टाळाटाळ करू नये. अशा आजारात पहिला त्रास हाच शेवटचा ठरू शकतो. आयसीडी असलेल्या रुग्णाला एक शॉक बसला आणि नंतर बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ दोन किंवा अधिक बसले, किंवा एकाच शॉकनंतर छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर असे काही असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. शॉकच्या क्षणी त्यांना हात लावलेल्या माणसाला फार तर मुंग्या जाणवतात, इजा होत नाही. आणि आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात शॉकची सोय बाहेरून, शस्त्रक्रियेविना, बंद करता येते. त्याविषयी घरच्यांनी डॉक्टरांशी वेळेवर बोलावे, म्हणजे निरोपाच्या क्षणी शॉक बसत राहण्याची वेळ येणार नाही.

भावाला खरोखर उपयोगी प्रश्न विचारायचाच असेल, तर तो हा आहे. पूर्ण ब्लॉकमध्ये अण्णांच्या हृदयाचा जवळजवळ प्रत्येक ठोका यंत्राच्या इशाऱ्यावर पडणार. तार खालच्या उजव्या कप्प्यात नेहमीच्या जागी टोचली, तर काही रुग्णांचे हृदय वर्षानुवर्षांच्या अशा इशाऱ्यांनी थोडे कमजोर होते, कारण दोन बाजू एका तालात आकुंचन पावत नाहीत. त्यावर अलीकडे हृदयाच्या मूळ विद्युत वाटेतच, डाव्या शाखेपाशी, तार बसवण्याची पद्धत रुळते आहे. ती अण्णांना योग्य आहे का आणि डॉक्टरांचा तिच्यात हात बसलेला आहे का, हे विचारा. हात बसलेला नसेल, तर नेहमीच्या जागी व्यवस्थित बसवलेली तार आणि अधूनमधून एको, हाही चांगलाच उपचार आहे. डबल चेंबरविषयी मात्र माझ्या मनात किंतु नाही. अण्णांचे वरचे कप्पे नियमित चालत असतील, तर वरच्या ठोक्याला जोडून खालचा ठोका पाडणारे डबल चेंबर यंत्र चालणाऱ्या माणसाला अधिक मानवते. आयुष्य किती वाढते या बाबतीत मोठ्या अभ्यासांत सिंगल आणि डबल यांच्यात फरक आढळलेला नाही, त्यामुळे जिथे पैशांची ओढाताण आहे, तिथे सिंगल चेंबर घेतल्याने आपण वडिलांना मरणाकडे लोटले असे कुणी मनाला लावून घेऊ नये.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. ती कॅथलॅबमध्ये (एक्स-रेवर पाहत हृदयात तारा नेण्याच्या खोलीत), सहसा फक्त जागा बधिर करून होते, तास-दीड तास लागतो. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत लहानसा कप्पा करून यंत्र ठेवतात आणि शिरेतून तारा हृदयात नेतात. संसर्ग, तार सरकणे, फुप्फुसाला इजा होऊन हवा साचणे हे धोके आहेत, पण कमी आहेत. घरी आल्यावर जखम लाल होणे, सुजणे, पू येणे किंवा ताप यांकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नका, आणि सूज फोडायला किंवा सुई घालून बघायला गावातल्या कुणालाही देऊ नका. त्या बाजूचा हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, वजन उचलायचे नाही. पण भीतीने हात पोटाशी बांधूनही ठेवायचा नाही, कारण त्याने खांदा आखडतो आणि मग यंत्रापेक्षा खांद्याचाच त्रास जास्त होतो.

ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगायची एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या पत्रात अगदी ओझरती आली आहे: अण्णा पखवाज गळ्यात अडकवून चालतात. पखवाजाचा पट्टा कोणत्या खांद्यावर घासतो, फवारणीचा पंप कोणत्या खांद्यावर येतो, हे कळले तर यंत्र डाव्याऐवजी उजव्या बाजूला किंवा थोडे खाली ठेवता येते. नंतर सांगून उपयोग नसतो.

शेतातल्या मोटारीची भीती बरीचशी अनाठायी आहे. चालू विद्युत मोटारीपासून आणि स्टार्टरच्या पेटीपासून हातभर अंतर ठेवून वावरायला हरकत नाही. उघड्या पेटीवर छाती टेकवून दुरुस्ती करणे मात्र बंद, आणि अर्थिंग नीट नसेल तर ते आधी करून घ्या, कारण विजेचा झटका यंत्राविनाही कुणाला चांगला नसतो. वेल्डिंगचे काम दुसऱ्याला द्यावे. मिक्सर, टीव्ही, फ्रिज यांचा काही त्रास नाही. आई इंडक्शन शेगडी वापरत असतील, तर अण्णांनी तिच्यापासून दोन फूट लांब राहावे. मोबाइल यंत्रापासून वीतभर दूर ठेवावा. सदऱ्याचा छातीवरचा खिसा म्हणूनच नको, आणि बोलताना विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. मंदिरात किंवा विमानतळावर धातुशोधक चौकटीतून न थांबता निघून जावे आणि हातातला शोधक छातीवर फिरवू देऊ नये. एमआरआय, शस्त्रक्रिया किंवा फिजिओथेरपीतील विजेचा शेक घेण्याआधी यंत्राचे कार्ड दाखवायचे. ते कार्ड अण्णांच्या पाकिटात, त्याचा फोटो तुमच्या, आईच्या आणि भावाच्या मोबाइलमध्ये असावा.

खर्चाबद्दल: अण्णा सत्तरीच्या पुढचे आहेत. 2024 पासून 70 वर्षे आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे, आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. पेसमेकर बसवणे हा या योजनांतला नेहमीचा उपचार आहे. आधार आणि रेशन कार्ड घेऊन रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा आणि कोणते यंत्र योजनेत बसते ते ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या. भावाची उरलेली रक्कम शेतात एक भरवशाचा माणूस ठेवायला आणि त्याच्या स्वतःच्या विमानाच्या तिकिटाला लागली, तर अण्णांना तिचा जास्त उपयोग होईल.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण ती घरात एकाला तरी माहीत हवी. पेसमेकर असलेल्या व्यक्तीच्या निधनानंतर, अग्नी देण्यापूर्वी, ते यंत्र डॉक्टरांकडून काढून घ्यावे लागते, कारण त्यातील बॅटरीचा चितेत स्फोट होऊ शकतो. गावात हे कुणी विचारत नाही. त्याची घाई आज नाही. तुम्ही फक्त ध्यानात ठेवा.

आता वारीचे. हे लिहितो आहे तेव्हा फाल्गुन आहे. या आठवड्यात यंत्र बसले, तर चैत्र संपेपर्यंत हाताची बंधने सुटतील, आणि पहिली मोठी तपासणी साधारण तीन महिन्यांनी येईल. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, त्याच्या थोडे आधी. अण्णांना संपूर्ण अडीचशे किलोमीटर चालता येईल का, हे त्यांच्या गुडघ्यांवर आणि उन्हावर जितके अवलंबून आहे तितके यंत्रावर नाही. लोणंदपासून फलटण, बरडपर्यंतचे टप्पे आपल्याच भागातले आहेत, तेवढ्यापासून सुरुवात करता येईल. माणसाच्या हालचालीप्रमाणे ठोके वाढवणारा सेन्सर यंत्रात असतो, पण तो नक्की किती जागरूक ठेवायचा हे त्या माणसाला चालवून, पाहून ठरवायचे असते. तपासणीला जाताना अण्णांना पखवाज बरोबर घेऊ द्या, आणि दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात तो गळ्यात घालूनच त्यांना डॉक्टरांसमोर दोन-चार फेऱ्या मारू द्या.